तालमीला जागा

कोल्हापुरात 'तालीम' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तांबड्या मातीचा हौदा, भिंतीवरचा मारुती आणि पहाटेच्या अंधारात जोर-बैठका काढणारी पोरे उभी राहतात. गवयाच्या घरी हाच शब्द वेगळ्या अर्थाने वावरतो. तिथे 'बुवांना तालीम कुणाची?' असा प्रश्न असतो आणि उत्तरात उस्तादाचे नाव येते. नाटकमंडळींची तालीम आणखी तिसरी. शिक्षण असा मूळ अर्थ असलेल्या या अरबी शब्दाने आपल्याकडे कुस्ती, गाणे आणि नाटक या तीन विद्या एका धाग्यात ओवल्या, हा निव्वळ भाषेचा योगायोग आहे असे मला वाटत नाही. तिन्ही विद्या माणसाकडून माणसाकडे जातात, तिन्हींसाठी वर्षानुवर्षे रोज यावे लागते, आणि तिन्हींना त्यासाठी एक ठरलेली खोली लागते. पहिलवानाची खोली शहराने सांभाळली. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची खोली मात्र आपण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू घालवत आणली, आणि ती गेल्याचे दुःख सोडाच, दखलही घेतली नाही.

खोलीऐवजी नाट्यगृह म्हटले की सगळ्यांना आठवते ती ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीची पूर्वसंध्या होती आणि त्यांच्याच नावाचे नाट्यगृह आगीच्या तोंडी सापडले. छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून उभे केलेली ही वास्तू, आणि तिच्या पाठीला पाठ लावून १९१२ चे खासबाग कुस्ती मैदान. मल्लविद्येला आणि नाट्यसंगीताला एकाच आवारात जागा देणारा राजा पुन्हा होणे नाही, हे वाक्य त्या दिवसांत पुष्कळांनी पुष्कळ वेळा म्हटले. दुसऱ्या दिवशी काळवंडलेल्या भिंतींपुढे उभे राहून कलावंत रडले. त्या रडण्यात मला काहीच वावगे वाटत नाही. महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून लोकनियुक्त सभागृह नव्हते, कारभार प्रशासकांच्या हाती होता. तरीही लोकभावनेचा रेटा असा होता की निधीची घोषणा झाली आणि पुनर्बांधणी हाती घ्यावी लागली. ती उत्तमच व्हायला हवी. पण एक मोठी वास्तू बंद पडल्याबरोबर शहराचे गाणेच थांबल्यासारखे वाटत असेल, तर ते गाणे आगीच्या आधीपासूनच कुठेतरी दमत आले होते, असे मला म्हणायचे आहे.

आगीनंतर ज्यांच्यामागे प्रायोजक होते त्यांना दसरा चौकातले शाहू स्मारक भवन होते, पेटाळ्यातले गडकरी सभागृह होते, देवल क्लब या जुन्या संगीतसंस्थेचे गोविंदराव टेंबे रंगमंदिर होते. तारखांची ओढाताण झाली, भाडे जास्त पडले, पण त्यांचे कार्यक्रम निभावले. अडचण त्यांची नव्हती. अडचण होती आणि आहे ती त्या माणसांची, ज्यांना आठशे प्रेक्षकांचे सभागृह कधी लागलेच नव्हते. ज्यांना साठ-सत्तर माणसे मावतील अशी, रात्री साडेदहा वाजेपर्यंत उघडी राहील अशी आणि भाडे विचारताना पोटात गोळा येणार नाही अशी एक खोली पुरत होती.

अशा खोल्या या शहरात होत्या. शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर लहानपणी मी पहिल्यांदा खयाल ऐकला. जिना इतका अरुंद की तानपुरा वर नेताना दोघांना आडवे व्हावे लागे. सोप्यात सतरंजी, खिडकीत बसणाऱ्यांच्या पाठी रस्त्याकडे, आणि दाद देणारे निम्मे लोक एकमेकांना नावाने ओळखणारे. आज त्या जागी चार मजली इमारत आहे आणि तळमजल्यावर मोटारी उभ्या असतात. वाडा पाडणाऱ्या कुटुंबाला मी दोष देत नाही. गळके छप्पर, सात वाटेकरी आणि पडायला आलेली भिंत यांतून सुटण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. तरीही नव्या इमारतीच्या नकाशात दुचाक्यांसाठी, पाण्याच्या टाकीसाठी, लिफ्टसाठी जागा मोजून काढली गेली आणि माडीवरच्या त्या सतरंजीला कुठल्याच रकान्यात स्थान मिळाले नाही, ही गोष्ट पेठांतून किती वेळा घडली असेल याचा विचार करून पाहावा.

बाकीच्या खोल्या वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. तबल्याचा वर्ग चालायचा ती दुकानावरची जागा गोदामाला जास्त भाड्याने गेली. शाळेचे सभागृह संध्याकाळी मिळायचे, ते नवे मुख्याध्यापक आल्यावर 'जबाबदारी कोण घेणार' या प्रश्नावर बंद झाले. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. फुगलेली पेटी आणि भिजलेला तबला नुसते वाळवून पुन्हा वाजते करता येत नाहीत, आणि ज्याची रोजी शिकवण्यावर आहे त्याला नवी जोडी घेणे परवडतेच असे नाही. त्याच्या अधेमधे करोना आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेली नाट्यगृहे मध्यंतरी काही महिने उघडून पुन्हा बंद झाली, राज्यात ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस ती निम्म्या आसनांवर पुन्हा उघडली, तोवर पुष्कळ वर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेले होते. पडद्यावर स्वर कळतो, पण लय पोहोचायला उशीर होतो. ज्याने अशा वर्गात समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याचा प्रयत्न केला आहे त्याला मी काय म्हणतो ते लगेच समजेल.

अशा जाण्याची बातमी होत नाही. चित्रपटांचा जुना जयप्रभा स्टुडिओ वाचवण्यासाठी २०२२ मध्ये लोक रस्त्यावर बसले, टोलविरोधात तर सारे शहर एक झाले होते. लढण्यात कोल्हापूर कुणाला ऐकत नाही. पण लढायला नाव लागते, फलक लागतो, आठवणी सांगणारी मोठी माणसे लागतात. बिनानावाच्या माडीसाठी कोण मोर्चा काढणार?

छोट्या खोलीचे महत्त्व भावनेपोटी सांगतो आहे असे कुणाला वाटू नये म्हणून जरा इतिहासात डोकवावे लागेल. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या पदरी दरबारगायक होते, आणि त्या अभिमानावर आपण अजून जगतो. पण दरबारात गाणे ऐकवले जात असे. शिकवले जात होते ते घरात. खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भूर्जीखाँ कोल्हापुरात राहिले. त्यांची तालीम मल्लिकार्जुन मन्सूर यांना मिळाली आणि इथेच जन्मलेल्या धोंडुताई कुलकर्णी यांनाही मिळाली. अनवट रागांची ती अवघड, पेचदार गायकी बंद खोलीत, एका शिष्यासमोर, एकच तान शंभरदा घेऊन पुढच्या पिढीत गेली. तिला मोठ्या रंगमंचाचे काम पडले ते फार नंतर. संगीताचे झाड मोठ्या सभागृहात दिसते खरे, पण त्याची मुळे माडीवर असतात, आणि आपण पाणी घालतो आहोत ते शेंड्याला.

याच इतिहासात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि त्यानंतर अल्लादियाखाँ मुंबईला निघून गेले. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली. १९१९ मध्ये इथे जन्मलेल्या सुधीर फडके यांना नावारूपाला यायला कोल्हापूर सोडावेच लागले. राजाश्रय थोर असतो, पण तो एका माणसाच्या आयुष्याएवढा असतो. याउलट देवल क्लब पाहा. १८८३ पासून चालत आलेली ही संस्था राजाच्या मृत्यूनंतर टिकली, संस्थान विलीन झाल्यावर टिकली, चित्रपट आला, दूरचित्रवाणी आली तरी टिकली. कारण ती सभासदांची होती. १८५० ची करवीर नगर वाचन मंदिरासारखी संस्था अशाच रीतीने टिकली. ज्या जागेची मालकी ती वापरणाऱ्यांकडे असते, ती जागा भाडेवाढीने आणि बदलीने जात नाही.

म्हणून 'शासनाने काहीतरी करावे' एवढेच म्हणून मला थांबायचे नाही. शासनाने करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले काही तर नुसती सही करून होण्याजोगे आहे; पण त्याआधी कायदा या बाबतीत खरोखर काय म्हणतो ते पाहायला हवे, कारण छोट्या मैफलीच्या विरोधात पहिला आक्षेप आवाजाचा येतो.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक आणि वाद्ये वाजवण्यास मनाई करतात. या मनाईला जो अपवाद आहे तो बंदिस्त जागांचा: सभागृहे, परिषदगृहे, सामुदायिक भवने यांसारख्या ठिकाणी, आतल्यापुरता आवाज असेल तर, ही बंदी लागू होत नाही. याशिवाय सण-उत्सवांसाठी वर्षातले पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आता या नियमाचा अर्थ नीट लावून पाहा. कायद्याने संगीताला रात्री घर दिले आहे ते चार भिंतींच्या आत. चार भिंती काढून घेतल्या की संगीत उघड्यावर येते, आणि उघड्यावर आले की दहाच्या ठोक्याला बेकायदा ठरते. दरबारी कानडा हा रात्रीचा राग ज्या प्रहरी गायचा, त्या प्रहरी गाण्याची कायदेशीर जागाच शहरात उरत नाही. बंदिस्त खोल्या कमी होणे म्हणजे शहर शांत होणे असे समजणाऱ्यांनी हा उलटा हिशेब ध्यानात घ्यावा.

आवाजाविषयी बोलायचे तर 'डॉल्बी'चे नाव घेतल्याशिवाय कोल्हापुरात बोलणे पुरे होत नाही. कंपनीचे नाव आपण या शहरात भिंतीएवढ्या कर्ण्यांना बहाल केले आहे, आणि 'डॉल्बीमुक्त उत्सव' हे आवाहन दर वर्षी नव्याने करावे लागते. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे, तान्हे मूल आहे, त्यांचा संताप शंभर टक्के रास्त आहे. मात्र त्या संतापाचा पहिला बळी बहुतेक वेळा चुकीचा पडतो. मिरवणुकीपुढे पोलिसही हतबल होतात; तक्रार करून लगेच बंद पाडता येतो तो शेजारच्या मजल्यावरचा पखवाजाचा वर्ग. ज्या शहरात कर्ण्यांच्या भिंतीला दोन दिवस अख्खा रस्ता मिळतो, त्याच शहरात चाळीस माणसांच्या बैठकीला खोली मिळू नये, हा विरोधाभास मला वर्षानुवर्षे सलतो आहे. आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असेही माझे मत आहे: ज्या पोरांना जवळ बसून वाद्य ऐकायला कधी मिळालेच नाही, त्यांना आवाज म्हणजे छातीवरचा दणका एवढेच ठाऊक असणार.

इथे थोडे थांबून एक अप्रिय गोष्ट कबूल केली पाहिजे. खोल्या गेल्या म्हणून आपण हळहळतो तेव्हा त्या खोल्यांत कोण बसत होते, हेही विचारायला हवे. माडीवरच्या बैठकीला खयाल होता, नाट्यगीत होते, भावगीत होते, हलगी नव्हती. कुस्तीच्या मैदानात हलगीचा कडकडाट झाल्याशिवाय पहिलवानाच्या अंगात वारे भरत नाही, घुमके आणि कैताळ या वाद्यांशिवाय आपली मिरवणूक मिरवणूक वाटत नाही. पण वाजवणाऱ्याला आपण अंगणापर्यंतच ओळखतो. तो वाजवायला येतो, पाणी पिऊन जातो. धनगरी ढोल पट्टणकोडोलीच्या यात्रेत पाहायला आपण आवर्जून जातो. त्या ढोलाच्या शेकडो वर्षांच्या तालविद्येची तालीम कुठे चालते, कोण देतो, याची चौकशी केल्याचे मला आठवत नाही. या कलावंतांना बंद होण्यासाठी खोली कधी मिळालीच नव्हती. त्यांच्या दृष्टीने 'जागा गेल्या' ही तक्रार थोडी विनोदी आहे. त्यामुळे उद्या जी खोली मागायची ती जुन्या सतरंजीची हुबेहूब प्रतिकृती असून चालणार नाही. शाहू महाराजांचे नाव घेऊन खोली मागायची आणि तिच्या उंबऱ्यावर हलगीवाल्याला थांबवायचे, हे या शहराला शोभणारे नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. लोकांना गाणे हवे असेल तर ते पैसे मोजतील आणि जागा आपोआप उभ्या राहतील, असे म्हणणारे मित्र मला आहेत, आणि ते व्यवहारी माणसे आहेत म्हणून त्यांना हिशेबानेच उत्तर द्यायला हवे. समजा ८० श्रोते आले आणि प्रत्येकाने १५० रुपये दिले. जमा १२,००० रुपये. सभागृहाचे भाडे ४,००० धरू, ध्वनियंत्रणा २,५००, तबला आणि पेटीच्या साथीदारांना प्रत्येकी १,५००, चहा आणि किरकोळ खर्च १,०००. गाणाऱ्याच्या हातात उरले १,५०० रुपये. वीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर गाणाऱ्याला काहीच न देता आयोजकाच्या खिशातून १,५०० जातील. याच हिशेबातून भाडे काढून टाका. त्याच ८० श्रोत्यांत गाणाऱ्याला साडेपाच हजार मिळतात आणि पुढच्या महिन्याची बैठक ठरवण्याचे धाडस आयोजकाला होते. सारा खेळ त्या एका ओळीचा आहे.

कराने छोट्या मैफलीचा गळा धरला आहे ही समजूतही पसरलेली आहे, ती दूर केलेली बरी. पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. लोककला किंवा शास्त्रीय कला सादर करण्याबद्दल कलावंताला मिळणारे दीड लाखापर्यंतचे मानधनही करमुक्त आहे. म्हणजे कायद्याने सवलत दिलेली आहे. गळा धरला आहे तो जागेच्या भाड्याने, आणि ते भाडे लग्नसराई ठरवते. मंगल कार्यालयाच्या मालकाला एका मुहूर्ताचे जे मिळते त्याच्या पासंगालाही छोटी मैफल पुरणार नाही. त्याने तारीख मैफलीला का द्यावी? बाजाराला विचारले तर बाजार लग्नाची वरातच निवडणार, आणि त्यात बाजाराची चूक नाही.

मात्र श्रोत्यांनाही चार शब्द सुनावायला हवेत. 'पास आहे काय?' हा प्रश्न आपल्याकडे इतक्या सहजतेने विचारला जातो की तिकीट काढणारा माणूस बावळट ठरतो. राजाश्रयाने आपल्याला गाणे दिले तसे फुकट ऐकण्याची सवयही दिली. मिसळीला जेवढे देतो तेवढे बैठकीच्या डब्यात टाकताना ज्यांचा हात आखडतो, त्यांनी खोल्या बंद पडल्याबद्दल हळहळण्याआधी आपल्या खिशाकडे पाहावे. यात मी स्वतःलाही धरतो. पुष्कळ वर्षे मीही पासावरच ऐकले.

जगात इतरत्र हा प्रश्न निराळ्या रूपात आला आहे. ब्रिटनमध्ये छोट्या संगीतस्थळांची बाजू मांडणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टने २०२३ या एका वर्षात अशी १२५ ठिकाणे गेल्याचे नोंदवले. तिकडच्या गोष्टी आपल्याला जशाच्या तशा लागू पडणार नाहीत; तिथल्या खोलीचा खर्च बऱ्याच अंशी बिअरवर निघतो आणि आपल्या मध्यंतराला चहा असतो. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, ते मोजतात. आपल्याकडे किती वर्ग, किती तालमीच्या खोल्या, किती भजनी मंडळांच्या जागा होत्या आणि किती उरल्या, याची यादी करायला एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना एक उन्हाळा पुरेल. दुसरी गोष्ट नियमाची. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नगररचनेच्या धोरणात असे तत्त्व स्वीकारले की संगीताची जागा आधीपासून असेल आणि तिच्या शेजारी नवी घरे नंतर येणार असतील, तर आवाज अडवण्याची सोय नंतर येणाऱ्या बांधकामाने करावी. आपल्या भाषेत सांगायचे तर आधी असलेल्याला उठवू नये. गावकीच्या न्यायाला हे तत्त्व परके नाही. देवळाशेजारी घर बांधून मग काकडआरतीविरुद्ध तक्रार करणाऱ्याला गाव काय म्हणते ते आपल्याला ठाऊक आहे. हेच तत्त्व तीस वर्षे चाललेल्या तबल्याच्या वर्गाला लागू करायला काय हरकत आहे?

देवळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत संगीताचा कुठला प्रकार सर्वांत चिवटपणे टिकला, असे विचारले तर मी भजन असे उत्तर देईन: साधे भजन, चक्री भजन, सोंगी भजन. त्याला ना अनुदानाची वाट पाहावी लागली, ना प्रायोजकाची. त्याचे श्रेय भक्तीला द्यावे तेवढे थोडे, पण व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर भजनी मंडळाकडे देऊळ आहे. वार ठरलेला, वेळ ठरलेली, टाळ आणि पखवाज भिंतीला टांगलेले, भाडे शून्य. नवखा पोरगा मागे बसून टाळ धरतो आणि दहा वर्षांनी पुढे बसून चाल लावतो. फुकटची, कायमची, रोजच्या वाटेवरची खोली असेल तर संगीत किती कमी खर्चात जगते, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको.

मग शहराने काय करावे? महापालिकेच्या शाळा संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. त्यांतल्या सभागृहांचा, मोठ्या वर्गांचा वापर रियाजासाठी आणि छोट्या बैठकींसाठी ठरावीक, अल्प शुल्कात करू द्यावा, आणि तो कुणा अधिकाऱ्याच्या कृपेवर न ठेवता लेखी नियमाने द्यावा, म्हणजे माणूस बदलला तरी सोय बदलणार नाही. केशवराव भोसले यांच्या नावाच्या वास्तूशी निगडित जी काही नवी बांधकामे होतील, त्यांत शे-सव्वाशे माणसांची एक छोटी जागा आणि तालमीच्या दोन-तीन आवाजबंद खोल्या असाव्यात. मोठ्या रंगमंचावर उभे राहणारा माणूस कुठून येणार याचे उत्तर त्या खोल्यांत आहे. शहरात हजार-दोन हजारांच्या तिकिटांचे कार्यक्रम करणाऱ्यांकडून तिकिटामागे अगदी नाममात्र रक्कम छोट्या जागांसाठी घ्यावी. ब्रिटनच्या संसदीय समितीने २०२४ मध्ये मोठ्या मैफलींबाबत अशीच शिफारस केली होती. पेठांतल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास होताना सामायिक सभागृह वास्तवात खोली म्हणून वापरले जाते की कागदावर दाखवून पुढे दुकान होते, हे तपासावे.

आगीच्या सुरक्षिततेबाबत मात्र सूट मागायची नाही. या शहराने आग पाहिली आहे. २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. मोठ्या इमारतीच्या मालकाला त्याचा खर्च जाणवत नाही, तीस माणसांच्या वर्गाला जाणवतो. अशा खोल्यांची तपासणी अग्निशमन दलानेच वर्षातून दोनदा फुकट करून, वायरिंग कुठे बदलायचे आणि दुसरा दरवाजा कुठे काढायचा ते सांगावे. नोटीस चिकटवून कुलूप लावण्यापेक्षा त्यात जास्त माणसे सुरक्षित राहतील.

या सगळ्याला महापालिकेत हमखास एक प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्तही आहे: रात्री किल्ली कुणाकडे राहणार? शाळेचे बाक मोडले, नळ चालू राहिला, कुणी आत बसून पत्ते कुटले, तर जबाबदार कोण? या एका प्रश्नावर चांगल्या योजना फायलीत झोपलेल्या मी पाहिल्या आहेत. पण याचे उत्तर कोल्हापूरला बाहेरून आणायचे नाही. कुस्तीच्या तालमी पुढे तालीम मंडळे झाली, मंडळांचे गणपती झाले, आणि पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नावांचे फुटबॉल संघ झाले. मातीच्या हौद्यासाठी उभी राहिलेली संघटना गवताच्या मैदानावर गेली आणि तिथेही पेठेचा मान राखून खेळली. या मंडळांना वर्गणी गोळा करता येते, हिशेब फळ्यावर लिहिता येतो, दंगा करणाऱ्या पोराला त्याच्या काकाच्या नावाने हाक मारून बसवता येते. त्यांतल्या दहा मंडळांनी आपल्या इमारतीतली एक खोली आठवड्यातून तीन संध्याकाळी हलगीला, तबल्याला, गिटार घेऊन फिरणाऱ्या महाविद्यालयीन पोरांना दिली, आणि शाळांच्या किल्ल्यांची हमी घेतली, तर महापालिकेला फक्त करारावर सही करायची राहते. पेठेतल्या तालमीची किल्ली आजही बहुधा शेजारच्याच कुणाच्या तरी घरी, दाराआडच्या खिळ्याला अडकवलेली असते. पहाटे चारला दार वाजले तरी घरातला माणूस कोण आहे असे न विचारता ती काढून देतो.